बाईंचा राग

बाई गेल्या त्या दिवशी शेजारच्या घरातले म्हातारे डच गृहस्थ कुंपणापाशी आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, "इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण त्या नेमक्या कशावर रागावलेल्या होत्या ते काही कळलं नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत होतं. पण ते कुंपणावरून सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय त्या क्षणी मीच इतकी भडकलेली होते की तोंड उघडलं असतं तर त्या भल्या माणसाच्याच अंगावर गेले असते. "कारण होतं," एवढंच म्हणून मी आत आले. ते कारण आता सांगते.

आम्ही पुण्याहून द हेगला आलो तेव्हा नवऱ्याला नोकरी होती आणि मला नुसता व्हिसा. घर मिळेना. सगळे घरमालक इतक्या गोड शब्दांत नाही म्हणायचे की नकार मिळालाय हे घरी पोचल्यावर कळायचं. होकार आला तो एकाच घराचा, तोही एका शब्दाचा: "या." ट्रामच्या थांब्यामागच्या गल्लीतलं जुनं, अरुंद, तीन मजली घर. दार उघडलं ते उंच, गोऱ्यापान, करड्या डोळ्यांच्या एका म्हातारीनं. अंगावर इरकली साडी, तिच्यावर पुरुषी लोकरी स्वेटर, पायांत जाड मोजे. नवऱ्यानं पाठ केलेलं डच सुरू केलं. तिनं दोन वाक्यं ऐकून घेतली.

"चपला तिथं काढा," ती म्हणाली. "आणि मराठी बोला. तोंड वाकडं व्हायलंय तुमचं."

आडनावावरून तिनं आम्हाला ओळखलं होतं. आम्ही मात्र तिला काहीच ओळखू शकलो नाही. मी "काकू" म्हणाले, तर उत्तर आलं, "मी कुणाची काकू न्हाई. बाई म्हण." तेव्हापासून त्या बाई. वरचा मजला आमचा झाला, आणि सात वर्षं आम्ही त्यांच्या रागाच्या डोक्यावर राहिलो.

बाई कोल्हापूरकडच्या. तिकडच्या बायकांसारख्या 'मी आलो, मी गेलो, मी जेवलो' म्हणायच्या. आणि इंग्रजी बोलायच्या नाहीत. येत नव्हतं म्हणून नव्हे. इंग्रजी बातम्या त्या रोज ऐकायच्या आणि रेडिओला शिव्या घालायच्या, त्या मराठीत. पण तोंडातून एकही इंग्रजी शब्द काढायच्या नाहीत. आपण मराठीत सर्रास वापरतो ते शब्दसुद्धा नाहीत. मराठी शब्द सापडला नाही तर डच वापरायच्या. सायकलला 'फीट्स', फ्रिजला 'कूलकास्ट', डॉक्टरला 'हाउसआर्ट्स'. मी एकदा म्हणाले, "बाई, अपॉइंटमेंट कन्फर्म झाली का विचारायला फोन करू का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यातलं मराठी काय होतं ते तेवढं सांग, मग करू." सुरुवातीला मला वाटलं, असेल म्हातारपणाचा काही चाळा.

दुसरी गोष्ट कौतुकाची. बाईंचं कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. साडी छान आहे म्हटलं की आत जाऊन ती बदलून यायच्या. समोरच्या घरातल्या डच बाई एकदा ट्युलिप घेऊन आल्या आणि दारातच बाईंच्या करड्या डोळ्यांची तारीफ करायला लागल्या. बाईंनी ट्युलिप घेतले आणि दार लावलं. त्या बाई बराच वेळ बाहेर उभ्या होत्या. "गोड बोलणारं माणूस उंबऱ्याच्या आत घेऊ नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा नवरा मुळात गोडबोल्या. त्याला सात वर्षांत खालच्या मजल्यावरची खुर्ची मिळाली नाही. घरातलं काही बिघडलं की सांगायला त्यानं जिन्यावरच उभं राहायचं.

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा तर कहर झाला. त्या भाबडेपणानं म्हणाल्या, "अगंबाई, किती गोऱ्या हो तुम्ही! अगदी इंग्रज वाटता." फेब्रुवारी महिना होता. बाई उठल्या. तळघरात गेल्या आणि वरच्या मजल्याचं हीटिंग बंद करून आल्या. सासूबाई दिवसभर शाल, टोपी आणि माझा कोट घालून बसल्या होत्या. संध्याकाळी मी खाली जाऊन भांडले. हो, भांडले. माझ्या आयुष्यातलं मोठ्या माणसाशी केलेलं ते पहिलं भांडण. बाईंनी ते शांतपणे ऐकलं, हीटिंग सुरू केलं आणि वाटीभर ठेचा माझ्या हातात दिला. "म्हातारीला दे. ऊब येईल," म्हणाल्या. त्या दिवसापासून मला खाली खुर्ची मिळाली.

तिथं बसून मी त्यांची हकीकत ऐकली. त्यांनी ती सलग कधीच सांगितली नाही. शेंगा सोलताना एक तुकडा, बातम्यांत लंडन दिसलं की दुसरा. मी जोडत गेले ती अशी.

बाईंची आई इंग्रज होती. घराणं उमरावांचं, गावाकडे इस्टेट, लंडनमध्ये घर. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत तिथल्या श्रीमंत तरुण मंडळींची एक टोळी होती. त्यांना नाचणं, मोटारी उडवणं आणि रोज नवं काहीतरी अचाट करून वर्तमानपत्रांत झळकणं, याशिवाय उद्योग नव्हता. ही त्या टोळीतली लाडकी. तिच्या टोप्यांवर लोक लिहायचे. एकदा तिनं पार्टी दिली, त्या पार्टीला प्रत्येकानं आपल्या घरच्या स्वयंपाकिणीचे कपडे घालून यायचं होतं.

"आणि खऱ्या स्वयंपाकिणी मागच्या अंगणात उभ्या," बाई म्हणायच्या. "पाऊस लागलेला. ह्या बाहेर कुडकुडायल्या आणि ह्यांचे कपडे आत नाचायलेत!" ती पार्टी झाली तेव्हा बाईंचा जन्मही झालेला नव्हता, पण राग अगदी काल झाल्यासारखा.

मग लंडनचा कंटाळा आला म्हणून एका हिवाळ्यात ती हिंदुस्थानात शिकारीला आली. कोल्हापूरच्या बाजूला एका लहानशा संस्थानात पाहुणी म्हणून उतरली. राजाचा धाकटा भाऊ तरुण होता, देखणा होता, घोड्यावर छान बसायचा. शिकारीचा हंगाम संपला तरी ती परत जाईना, कारण जाता येण्यासारखी तिची अवस्था नव्हती. डोंगरावरच्या बंगल्यात मुलगी झाली. दाईनं पाचवी पुजली तेव्हा आई शेजारच्या खोलीत पत्ते खेळत होती. अंगात ताकद आल्यावर ती मुंबईला गेली आणि बोटीत बसली. मूल दाईकडे राहिलं. बापानं पैसे पाठवले, बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं, पण चारचौघांत कधी जवळ घेतलं नाही.

शाळेत इंग्रजी साप्ताहिकं यायची. त्यांत आईचे फोटो. दाईनं नाव सांगितलेलं होतं, त्यामुळे मुलगी ते फोटो शोधून काढायची. पुढे आईनं आठवणींचं पुस्तक लिहिलं. बाईंकडे ते होतं, मी वाचलंय. त्यात तिच्या सगळ्या कुत्र्यांची नावं आहेत. कोणता कुत्रा कुठल्या गादीवर झोपायचा, तेही आहे. हिंदुस्थानातल्या त्या हिवाळ्याबद्दल एवढंच, की तिथं तिला हिवताप झाला आणि परतायला उशीर झाला.

"मी तिचा हिवताप," बाई म्हणायच्या.

साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेल्या एका डच इंजिनियरशी बाईंनी लग्न केलं आणि इकडे आल्या. मुलगा झाला. नवरा आम्ही येण्याच्या कितीतरी आधी वारला होता. मुलगा ग्रोनिंगनला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्षातून दोनदा यायचा, आईसमोर कोटसुद्धा न काढता बसायचा आणि जायचा.

अशात लंडनहून एका लेखिकेचं पत्र आलं. ती त्या आईचं चरित्र लिहीत होती. कुठल्यातरी जुन्या पत्रव्यवहारातून तिला मुलीचा पत्ता लागला होता. पहिली दोन पत्रं बाईंनी फाडली. तिसरं आलं तेव्हा म्हणाल्या, "येऊ दे. बघू, कुठल्या तोंडानं येती. पण मी मराठीत बोलणार. तू सांग तिला तिच्या भाषेत."

लेखिका आली. तिशीतली, हसरी, हातात स्वतः केलेला लिंबाचा केक. खरंच छान मुलगी होती, हे मला आजही नाकारता येत नाही. रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाली, "तुमची आई विलक्षण होती. तिला भेटलेला एकही माणूस तिला विसरला नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सांग तिला, तुझी ती विलक्षण बाई अव्वल सटवी होती."

मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, आईबद्दल त्यांच्या भावना जरा गुंतागुंतीच्या आहेत."

बाईंची मूठ टेबलावर आदळली. केकची बशी उडाली. "मी काय बोललो आणि तू काय सांगितलंस? मला कळत न्हाई व्हय? लोणी लावायला बसवलंय तुला?" माझे कान तापले. "आयुष्यभर माझ्यावर लोणीच फासलंय सगळ्यांनी. हिवताप म्हणे! तुला खरं बोलवत नसलं तर वर जा. नवऱ्याला पाठव, त्याला तेच जमतं."

मी बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता, आणि माझाही. मग मी त्या मुलीला म्हटलं, "मी चुकीचं सांगितलं. त्यांनी शिवी दिली." आणि सटवी म्हणजे काय ते जसं जमलं तसं समजावलं. त्यानंतर मी शब्दाला शब्द लावत गेले.

मुलीनं विचारलं, "तुम्ही कधी भेटलात तिला?"

मला वाटलं, नाही म्हणतील.

"एकदा," त्या म्हणाल्या. "इथंच. एका दूतावासात समारंभ होता. नवऱ्याच्या कचेरीला बोलावणं होतं. पाहुण्यांत तिचं नाव होतं. मी नवी साडी घेतली. हिरवी, जरीची. ठरवून गेलो होतो की तोंडावर विचारायचं. सगळ्यांच्या देखत. शाळेत असल्यापासून मी ते वाक्य तयार करीत होतो."

मी सांगत होते. मुलगी ऐकत होती.

"मी तिच्याकडे गेलोच न्हाई. तीच आली. साठीची असंल, पण काय देखणी! माझा हात धरला. माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि डोळे तर तिचेच होते. म्हणाली, किती सुंदर साडी. म्हणाली, तुमच्या देशात माझा एक फार सुरेख हिवाळा गेलाय. मुलं किती, इथली थंडी सोसती का, विचारलं. असं बोलत होती, जसं त्या दिवाणखान्यात माझ्याशिवाय दुसरं माणूसच न्हाई. मग हात सोडला. आणि शेजारच्या बाईचा धरला. तिच्याशी पण तसंच."

"तिनं तुम्हाला ओळखलं होतं?" मुलीनं विचारलं.

"मला म्हाईत न्हाई. आजपर्यंत म्हाईत न्हाई. पण त्याचा राग न्हाई मला." बाई पुढे वाकल्या. आवाज इतका खाली आला की मलाही वाकावं लागलं. "राग कशाचा, ते हिला नीट सांग. ती मला आवडली. एवढी आवडली की माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मी काय म्हणालो तिला? तिच्या भाषेत म्हणालो, आभारी आहे, तुम्ही फार दयाळू आहात. आणि घरी जाईपर्यंत हसत होतो. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा कळलं की मला लुटलंय. त्या दिवसापासून ती भाषा मी तोंडात धरली न्हाई. नवऱ्याशी तोवर तीच बोलायचो. त्याला सांगितलं, आता मला तुझी शिकव."

मी शेवटच्या शब्दापर्यंत सांगितलं. मुलीचे डोळे भरून आले. तिनं बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "किती सुंदर गोष्ट आहे!"

बाईंनी हात ओढून घेतला. "गोष्ट?" त्या मला म्हणाल्या. "हिला म्हणावं, तुझं हे गोड घेऊन जा."

पुस्तक यायला दोन वर्षं लागली. लेखिकेनं प्रत पाठवली होती, सोबत सुंदर अक्षरातली चिठ्ठी. जाडजूड पुस्तक, मुखपृष्ठावर आई, हातात सिगारेट, मांडीवर कुत्रा. बाई स्वयंपाकघरात भिंग घेऊन बसल्या. मी भाजी चिरत होते. त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं.

त्यात लिहिलं होतं की हेगमध्ये राहणाऱ्या मुलीनं आईशी झालेली ती एकमेव भेट मनात जपून ठेवली आहे. आई तिला फार आवडली होती. आणि तिच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेशही नाही.

मी ते तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी डोक्यात काहीतरी फुटत होतं. मधलं वाक्य तर बाईंचंच होतं! त्यांच्या पोटातून निघालेलं, माझ्या तोंडून गेलेलं, आणि तिनं ते धुऊन, इस्त्री करून त्या आईलाच नेसवलं होतं. मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिता येणार नाही. "बाई, आपण पत्र लिहू. प्रकाशकाला लिहू. रेकॉर्डिंग आहे तिच्याकडे, ते मागू. वकील गाठू."

मला वाटलं, आता टेबल उलटेल. बाईंनी भिंग डबीत ठेवलं, डबी मिटली.

"नगं," म्हणाल्या. "आता तू राग धर. मी दमलो."

इतक्या वर्षांत मला त्यांची भीती वाटली होती, चीड आली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्याकडे बघवेना. मी वर जाऊन लेखिकेला लांबलचक ईमेल लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिला अतिशय वाईट वाटलं होतं. माझ्या भावना तिला पूर्णपणे समजत होत्या. वाचकांना शेवटी थोडी ऊब हवी असते, असं तिचं म्हणणं होतं. आणि मी त्या दिवशी किती सुरेख भाषांतर केलं होतं, याबद्दल तिनं माझे पुन्हा एकदा आभार मानले होते.

त्या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या.

स्मशानभूमीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. मुलानं मला आधीच फोन करून सांगितलं होतं, "दोन शब्द बोल. काहीतरी प्रेमळ." आधी बोलले ते सगळे प्रेमळच बोलले. समोरच्या ट्युलिपवाल्या बाई म्हणाल्या, किती गोड आजी होत्या. लेखिकेनं मोठं पुष्पचक्र पाठवलं होतं, त्याच्या रिबिनीवरही तसंच काहीतरी. मी उभी राहिले आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाले, "त्या गोड नव्हत्या. त्या रागावलेल्या होत्या. त्यांच्या आईनं त्यांना टाकलं, मग भेटल्यावर साडीचं कौतुक केलं, आणि तो राग त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. तो राग बरोबर होता." मग कॉफी आणि केक.

मुलगा माझ्यामागे पार्किंगपर्यंत आला. पन्नाशी उलटलेला, उंच, तेच करडे डोळे.

"कसलं साडीचं कौतुक?" त्यानं विचारलं.

त्याला माहीतच नव्हतं. आजी इंग्रज होती, एवढंच त्याला माहीत. दूतावास नाही, हिरवी साडी नाही, काही नाही. मी त्याला सगळं सांगितलं, बाईंनी सांगितलं तसं. तो गाडीला टेकून ऐकत होता.

"मी शाळेतून चित्रं आणायचो," तो म्हणाला. "ती बघायची आणि पालथी ठेवायची. छान आहे, असं एकदाही म्हणाली नाही. मला वाटायचं, माझीच चित्रं वाईट."

आणि तिथं, त्या थंडीत, मला बाईंचाच संताप आला. आईनं गोड बोलून लुटलं म्हणून स्वतःच्या पोराला एक गोड शब्द दिला नाही? त्याचं काय चुकलं होतं? बाई समोर असत्या तर मी हीटिंगसाठी भांडले होते त्याच्या दहापट भांडले असते.

"माझ्याबद्दल काही बोलायची?" त्यानं विचारलं. डोळे जमिनीकडे.

त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. माझ्या ओठांवर एक छानसं वाक्य आलंही, बाईंच्या नावावर सहज खपलं असतं. मी ते गिळलं.

"नाही," मी म्हणाले. "बोलायच्या नाहीत. पण दर रविवारी सकाळपासून फोनजवळ बसून असायच्या. कोणाला त्या खुर्चीत बसू द्यायच्या नाहीत. तुझा फोन आला की हात फोनवर ठेवायच्या आणि वाजू द्यायच्या. बराच वेळ. मग उचलायच्या."

"आणि म्हणायची, आता काय?" तो म्हणाला. "दर रविवारी. 'आता काय?'"

"हो."

त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं गाडीच्या टपावर मूठ आपटली. कॉफीचे कप घेऊन बाहेर आलेली माणसं वळून बघायला लागली.

"मग लवकर उचलायचा होता ना!" तो ओरडला. "उचलायचा होता ना, आई!"

मी त्याला थांबवलं नाही.